बोरसेभाऊ आणि शोभेचं गाजर

आमच्या वास्तुशांतीला आलेल्या पहिल्या पाहुण्याने चपला काढायच्या आधीच विचारलं, "ताई, जेवणात गाजर आहे का?"

मला वाटलं, माणूस खवय्या दिसतो. मी उत्साहाने म्हटलं, "आहे ना! कोशिंबिरीत आहे, पुलावातही आहे." तर हा उंचापुरा, मिशाळ गडी दोन पायऱ्या खाली उतरला आणि तिथूनच हात जोडून म्हणाला, "मग मी नुसता पेढा खाऊन जातो. फक्त तेवढे हात धुऊन द्या." नव्या घरात पहिल्याच दिवशी कुणी आपल्याला हात धुवायला लावावं, याचा मला राग आला. तरी मी हात धुतले आणि पेढा दिला. बोरसेभाऊंची आणि आमची ओळख अशी झाली.

बोरसेभाऊ डोकमर्डीतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. मूळचे धुळ्याकडचे, सिल्वासात सुताच्या कारखान्यात फोरमन. सगळं आयुष्य यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. नवराबायकोचं भांडण चाललंय की चहा चाललाय, हे आम्हाला वरून कधी कळलं नाही. सुताचे अवजड रूळ एकट्याने सरकवणारा हा माणूस जगात एकाच गोष्टीला घाबरत असे. गाजर पोटात गेलं की त्यांचे ओठ सुजत, घसा आवळून येई आणि श्वास लागे. डॉक्टरांनी तपासण्या करून ॲलर्जीचं निदान केलं होतं. गोळ्यांची आणि इंजेक्शनची डबी कायम त्यांच्या खिशात असे.

"शेंगदाणा म्हटलं की लोक समजतात, ताई. कोळंबी म्हटलं तरी समजतात," ते म्हणत. "गाजर म्हटलं की हसतात." आणि मग स्वतःच अहिराणीत जाहीर करत, "मना दुश्मन लाल शे, गोड शे, आनि ससाले आवडस!" यावर समोरचा हसला की तेही हसत. पण हसता हसता ताटातला भात बोटाने पसरून बघायला विसरत नसत.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आपल्याकडे गाजर कुणी मोजतच नाही. एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून खानवेलला गेलो. वाटेत ढाब्यावर त्यांनी आचाऱ्याला तीनतीनदा विचारलं, पुलावात गाजर नाही ना? आचाऱ्याने आईची शपथ घेतली. पुलाव आला, तर वरच लाल चौकोनी तुकडे. बोरसेभाऊंनी ताट उचलून त्याच्या नाकाशी नेलं. "हे काय आहे मग?" आचारी शांतपणे म्हणाला, "ते होय? ते शोभेला टाकलंय. ते भाजीत धरत नाहीत." लताबाईंनी, म्हणजे बोरसेभाऊंच्या बायकोने, मुकाट्याने पिशवीतून पोळ्या काढल्या. त्या कुठेही जाताना पोळ्या घेऊनच निघत.

कारखान्यातल्या पोरांचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा आणि जेवण असे. एका वर्षी दोघा ऑपरेटरांनी लसणाच्या चटणीत गाजर बारीक वाटून मिसळलं. तिखटाच्या रंगात ते कुणाला दिसणार? फोरमन खरं बोलतो की नाटक करतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. बोरसेभाऊंनी दोन घास खाल्ले आणि उठून थेट गाडीकडे चालू लागले. रात्र दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर खाटेजवळ ते दोघे मान खाली घालून उभे. सुजलेल्या तोंडाने बोरसेभाऊ त्यांना विचारत होते, "काय रे भो, परीक्षेत पास झालो ना मी? का अजून तोंडी घ्यायचीय?" त्यांनी तक्रार केली नाही. शिक्षा मात्र दिली. तेव्हापासून कँटीनच्या प्रत्येक पदार्थात काय पडतं, हे रोज सकाळी आचाऱ्याजवळ उभं राहून बघायचं काम त्या दोघांकडे आलं. पुढे ते इतके कडक झाले, की आचारीच बोरसेभाऊंकडे त्यांची तक्रार घेऊन आला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं प्रकरण माझ्या दारात आलं. मी गलोंड्याला पाकीटबंद खाण्याच्या कारखान्यात उत्पादन बघते. उपमा, खिचडी, सूप अशी पाकिटं. गरम पाणी ओता आणि खा. एका संध्याकाळी लताबाई वर आल्या. डोळे लाल, हातात आमच्याच उपम्याचं रिकामं पाकीट. "ताई, तुमच्या कंपनीचं आहे म्हणून विश्वासाने घेतलं," त्या म्हणाल्या. "यात लिहिलंय 'वाळवलेल्या भाज्या'. कोणत्या, ते कुठे लिहिलंय?" बोरसेभाऊ खाली खुर्चीत बसून इंजेक्शनचा परिणाम व्हायची वाट बघत होते. या वेळी ते काहीच बोलत नव्हते, आणि त्या घरातली शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

उपम्यात गाजर होतं. चांगलं, स्वच्छ धुतलेलं, वाफवून वाळवलेलं गाजर. आमच्या मालात खोट नव्हती. ते कुणी खायचं नाही, हे त्या माणसाला कळायची सोय नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, पाकिटावर प्रत्येक भाजीचं नाव छापू. शेठ वापीचे, स्वभावाने चांगले, पण छापलेल्या पाकिटांचे रोल गोदामात छतापर्यंत लागले होते. "अरे बेन, गाजर तो नानां छोकरांने पण खवडावे छे! गाजर से किसको क्या होगा? ए तो खाली कलर माटे छे."

गाजर लहान पोरांनाही भरवतात, आणि इथे तर ते फक्त कलरसाठी. म्हणजे ढाब्यावरचा आचारी आणि आमचे शेठ यांचं एकमत होतं.

हे मी बोरसेभाऊंना सांगितलं. शनिवारी पाळी संपवून ते थेट आमच्या कारखान्यात आले. एका हातावर रबरी मोजा चढवलेला, त्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक गाजर. साप धरावा तसं त्यांनी ते अंगापासून लांब धरलं होतं. शेठच्या टेबलावर पिशवी ठेवून ते समोर बसले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या पॅकिंगला ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ, नमस्कार. तुमचा माझ्यावर विश्वास नाही असं ताई म्हणाल्या. काही हरकत नाही, कुणाचाच नसतो. मी हे आत्ता तुमच्यासमोर खातो. तुम्ही फक्त गाडी चालू करून ठेवा."

शेठ हसले. मग बोरसेभाऊंनी खरंच पिशवीची गाठ सोडायला घेतली, खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "ताई, लताला फोन लावून ठेवा." त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. ते गंमत करत नव्हते. मी पिशवीवर झडप घालणार, तेवढ्यात शेठच ओरडत उठले, "ना ना ना! मूकी दो, भाई, मूकी दो!" गाजर त्यांनी स्वतः खिडकीतून बाहेर फेकलं. बाहेरची गाय ते खाऊन गेली आणि तिला काही झालं नाही, असं शेठ पुढे बरेच दिवस सांगत.

"लिखो, बेन," खाली बसत ते मला म्हणाले. "मोटा अक्षरे लिखो."

रोल संपेपर्यंत आम्ही चिकट पट्ट्या लावल्या. पॅकिंगच्या बायकांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग बोरसेभाऊंचा पुढचा प्रश्न आला, "खिचडीत गाजर नाही, पण ती त्याच यंत्रावर भरता ना?" प्रश्न बरोबर होता. तेव्हापासून गाजराचा माल दिवसाच्या शेवटी लागतो, त्यानंतर यंत्र उघडून धुतलं जातं, आणि त्याच यंत्रावर गाजराचा माल भरला जातो, हेही आम्ही खिचडीच्या पाकिटावर छापतो. शेठना आता या सगळ्याचा इतका अभिमान आहे, की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही कल्पना आपलीच असल्याचं ते सांगतात. मी आड येत नाही. काम झाल्याशी मतलब.

मागच्या वर्षी बोरसेभाऊ निवृत्त होऊन गावी गेले. इमारत शांत झाली. लताबाई आणि ते चहा पीत होते की भांडत होते, हा प्रश्न कायमचा सुटायचा राहिला.

परवा कामात असताना त्यांचा फोन आला. मी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी शेजारच्या बायकांना सगळं ऐकू गेलं. "ताई! तुमचा उपमा आमच्या बाजारात आलाय! चष्मा लावून वाचलं. रवा, मीठ, मटार, आन् गाजर. गाजर लिहिलंय, ताई, ठळक! लगेच परत ठेवून दिलं. दुकानदार विचारतो, काका, माल खराब आहे का? म्हटलं, नाही रे भो, एकदम चांगला माल आहे, म्हणून तर घेत नाही!"

"शाबास," मी म्हटलं आणि फोन ठेवला. उपम्याची बॅच लागायची होती.