मानेवरच्या गाठी आणि डोक्यावरची टोपी

त्या सोमवारी खराडीला ऑफिसात बसलो होतो. टोपी सारखी करायला हात मागे गेला आणि मानेवर, केस संपतात तिथे, बोटाला काहीतरी लागलं... वाटाण्याएवढं. शेजारी आणखी एक.

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, जाऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. त्याला मुलगा नाही, त्यामुळे सगळं मीच केलं आणि दहाव्याला केस उतरवले. टोपी त्यासाठीच. ऑफिसात कोणी विचारू नये, एवढंच.

दादाचं सगळं मानेवरच्या एका गाठीपासूनच सुरू झालं होतं. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. दीड वर्ष उपचार चालले, मध्ये तो बरा झाल्यासारखाही वाटला... त्यामुळे आपल्याला काय झालंय हे मी जागेवरच ठरवून टाकलं.

कोणाला सांगितलं नाही. घरात आई आहे, शहात्तर वर्षांची. एक मुलगा गेला, आता दुसऱ्याच्याही मानेवर गाठ आहे, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

ऑफिसात काय, घरी काय, दिवसातून दहा-बारा वेळा बाथरूममध्ये जाऊन चाचपत होतो. दरवेळी वाटायचं, मोठी झाली. गुरुवारी कानामागे तिसरी सापडली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी बायकोने, स्मिताने, मला बाथरूमच्या आरशासमोर तिचा छोटा आरसा मानेमागे धरून उभं असलेलं पाहिलं.

"टक्कल बघायला दोन आरसे लागतात होय?"

ती जवळ आली, मानेवरून बोटं फिरवली आणि तिचाही चेहरा उतरला.

"किती दिवस?"

"सोमवारपासून."

"आणि मला कधी कळणार होतं? पेपरात वाचून?"

तिने गाडीची किल्ली घेतली. आईला म्हणाली, भाजी घेऊन येतो.

आमचे फॅमिली डॉक्टर मोजकं बोलतात. दादाचं त्यांना माहीत होतंच. ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का, घसा, दात... एकेक विचारत गेले. सगळ्याला नाही म्हणालो. मग त्यांनी गाठी दाबल्या.

"दुखतंय?"

"हो."

"बरं आहे." मग म्हणाले, "टोपी काढा."

"डोकं केलंय, डॉक्टर. दादाच्या दहाव्याला..."

"अहो, माहीत आहे मला. काढा."

काढली. मागे उभ्या असलेल्या स्मिताने नुसता श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला. डोक्याच्या मागच्या बाजूला घाटावर वस्तरा लागला होता. तेव्हा हळद दाबली आणि विसरलो. खाज यायची, जरा ठणकायचंही, पण केस उगवताना होत असेल म्हणून सोडून दिलं. खरं सांगायचं तर केस उतरवल्यापासून त्या डोक्याला हात लावायची इच्छाच होत नव्हती. वर दिवसभर टोपी, घाम. तिथे पू झाला होता आणि मी आठवडाभर दोन इंच खाली मान चाचपत बसलो होतो.

डॉक्टरांनी सरळ समजावलं. डोक्याच्या कातडीत जंतू शिरले की त्यांना अडवायचं काम याच गाठींचं, म्हणून त्या सुजतात. घसा, दात, कान बिघडले तरी मानेतल्या गाठी सुजतात. आपल्याकडे टीबीनेही सुजतात. कॅन्सर त्यामानाने क्वचित. न दुखणारी, कडक, वाढत जाणारी, दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ मात्र अंगावर काढायची नाही. कॉलर बोनच्या वर असली तर लगेच दाखवायची.

दादाची कॉलर बोनच्या वर होती. कधी दुखली नाही, म्हणून त्याने चार महिने अंगावर काढली.

विचारू नये ते विचारलं... तो आधी आला असता तर? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उपचार आधी सुरू झाले असते. त्यापुढचं मला सांगता येणार नाही." खोटं बोलले नाहीत, हे बरं वाटलं.

जखम साफ करून ड्रेसिंग केलं, सात दिवसांची अँटिबायोटिक दिली. पूर्ण करा, टोपी बंद, गाठी सारख्या दाबू नका, शेकू नका. दोन आठवड्यांनी उतरल्या नाहीत तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी. म्हणजे सुटका अजून झाली नव्हती.

घरी आलो. आईने रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "मंडई बंद होती वाटतं."

मग तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "त्याने मला हात लावू दिला नव्हता रे." मी मान खाली केली. तिची बोटं गार होती. बराच वेळ तिने हात काढला नाही.

पुढचे दोन आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. कानामागची आधी गेली. काल डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं... एक हरभऱ्याच्या डाळीएवढी उरली आहे, मऊ, न दुखणारी. तीही जाईल म्हणाले, पण महिन्याने परत बोलावलंय. जाणार आहे.

स्मिताचे आभार अजून मानलेले नाहीत. समोरासमोर असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. ती माझ्या पोस्ट वाचते, म्हणून इथे लिहिलं.