मंगळसूत्राची वाटी आणि कावेरीची माती

सुट्टीत मेटल डिटेक्टर घेऊन कोकणच्या किनाऱ्यांवर लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधणं हा माझा छंद. शेजारच्या पद्माला तो ठाऊक होता. फेब्रुवारीत ती म्हणाली, "माझ्या मावशीच्या मंगळसूत्राची एक वाटी शेतात पडलीये. काकांचं हृदयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मावशीला अन्न गोड लागत नाही. येशील कुंभकोणमला?"

यंत्राचे भाग सुटे करून बॅगेत भरले आणि दोघी निघालो. पुण्याहून चेन्नई, तिथून दुसरी गाडी. कुंभकोणमला सकाळी उतरलो तेव्हा धुक्यात गोपुरांची फक्त टोकं दिसत होती. स्टेशनबाहेर पितळी पेल्यातली फिल्टर कॉफी जरूर घ्या. पुढे मावशीच्या गावाची, चोळपुरमची बस. खिडकीची जागा मिळाली तर केळीच्या बागा अगदी अंगावरून जातात.

दारात तुळजामावशी उभ्या. "या, या. अम्ही वाटच पाहत होतों." तंजावरी मराठी! तमिळ वळणाची, जुन्या पत्रातून वाचून दाखवावी तशी. खुर्चीतले काका, गणपतराव, हसत म्हणाले, "हिला सांगा, मी काय त्या वाटीत बसलों अहें?" मावशी हसल्या नाहीत.

भाताची कापणी झाली होती. त्या दिवशी मावशी शेतातून चालत कावेरीच्या पाटावर हातपाय धुवायला गेल्या होत्या. पोत तुटल्याचं घरी आल्यावर कळलं. म्हणजे शोधायची जागा दोन प्रकारची: शेतातली करडी चिकणमाती आणि पाटाकाठची वाळू. (यंत्र नेणार असाल तर एवढं पाळा: मालकाच्या परवानगीने, त्याच्याच जमिनीत. देवळं आणि जुन्या वास्तूंच्या आसपास अजिबात नाही.)

पहिला दिवस वाया गेला, तो माझ्या सवयीने. आपली काळी माती आणि कोकणातला जांभा लोहाने भरलेले. यंत्र उगाच किंचाळतं, म्हणून मी सेन्सिटिव्हिटी कमी ठेवते आणि चांदीच्या कागदासारख्या कचऱ्याचे आवाज यंत्रातली गाळणी लावून गाळून टाकते. पण पातळ सोनं यंत्राला त्या कागदासारखंच ऐकू येतं! म्हणजे मी दिवसभर वाटीलाच गाळत होते. हे बांधावर बसून ताक पिताना सुचलं. मावशी शेजारीच होत्या. त्यांना खरं सांगितलं. "सरि, बरें," त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा पाहूं."

दुसऱ्या सकाळी मोकळ्या जागेवर यंत्राची तबकडी वरखाली करत मातीशी जुळवून घेतलं. गुणगुण थांबली. गाळणी काढली, सेन्सिटिव्हिटी वाढवली. ही माती शांत होती. बगळे मागे मागे चालत होते, आणि गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे तेवढे निघत होते. शेत संपलं. वाळूवर पाऊल ठेवताच यंत्र पुटपुटू लागलं. वाळूत काळे चमकते कण होते. तिथे सगळं पुन्हा जुळवलं, सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणली आणि इतकी हळू चालले की पाण्याचा आवाज आधी येई, पाऊल मागून.

एक बारीक, गोड सूर. उलट बाजूने फिरवलं, तरी तोच. चार बोटं वाळू उकरली.

वाटीत ओली वाळू गच्च भरली होती. मागोमाग आलेल्या मावशींनी हात पुढे केलाच नाही. तिथेच वाळूत बसल्या. "मजला वाटलें, ते जातील," एवढंच बोलल्या आणि रडल्या.

घरी गणपतरावांनी चेष्टा केली नाही. वाटी स्वतः धुतली, पोतीत ओवायला घेतली. दोरा तीनदा चुकला. मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

पुण्याला परतल्यावर पाचव्या दिवशी पद्मा जिन्यातूनच ओरडली, "काका शुद्धीवर आले!" ऑपरेशन पार पडलं ते डॉक्टरांमुळे, हे मला कळतं. वाटी मिळाली नसती तरी ते पार पडलंच असतं. पण त्या बाईने ऑपरेशनपर्यंतचे ते दिवस कसे काढले असते, हे आता मला माहीत आहे. वहीत मी दोन्ही मातींसाठी यंत्रावर ठेवलेले आकडे लिहायला बसले. आकडे लिहिले, आणि खाली गणपतरावांचं मनगट धरणारा तो हात कसा होता ते लिहीत राहिले. पान पुरलं नाही.