दोघांकडून एकेक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गंगापूर रोडच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं बायोलॉजी शिकवलं. आनुवंशिकता हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर चौकोन काढायचा, त्याची चार घरं करायची आणि खडू आपटून सांगायचं — प्रभावी जनुक एकटं असलं तरी मिरवतं. अप्रभावी लपून बसतं, पिढ्यान्‌पिढ्या. आईकडून एक, बापाकडून एक, अशी दोन एकत्र आली तरच ते दिसतं. "दोघांकडून एकेक! हे पेपरात चुकलात तर मी शिकवलं म्हणून सांगू नका." पोरं हसायची. मीही हसायचे.

माझ्या नातीला, सईला, जन्मापासून ऐकू येत नाही. तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आनुवंशिक दिसतंय, दोन्ही घरांत असं कुणी होतं का? माझी सून स्वाती — खरं बोलणारी पोर — लगेच म्हणाली, माझ्या मामाचा मुलगा. मग डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "छे हो! आमच्याकडे कुणी नाही."

कुणी नाही? दिनूदादा होता की! माझा सख्खा थोरला भाऊ, पिंपळगावचा. जन्मतः बहिरा, म्हणून बोलणं नाही. आई लोकांना सांगायची, लहानपणी तापात कान गेले. मला मात्र तिनं खरं सांगितलं होतं. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी वडिलांनी त्याला डबा देऊन कांद्याच्या शेडवर धाडलं. लग्नातही तो मांडवात नव्हता, मागे आचाऱ्याजवळ भांडी उचलत होता. मला वाईट वाटलं का? खरं सांगू — मला सुटल्यासारखं वाटलं. चार महिन्यांत तो वारला. सासरी विचारलं, कोण गेलं गं? मी म्हटलं, आमच्या शेडवरचा गडी.

तर त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना गाडी चालवता चालवता माझा मुलगा म्हणाला, "आई, म्हणजे हे स्वातीकडून आलं ना?" तो इंजिनिअर, बायोलॉजी दहावीतच सुटलेलं. स्वाती मागे सईला मांडीवर घेऊन बसली होती. ती ऐकत होती, मला आरशात दिसत होतं. आणि मी — काय म्हणाले असेन मी? "हं," म्हणाले.

एवढंच. पण घरात बायोलॉजीच्या मॅडमचा शब्द शेवटचा! माझे यजमान, नणंदा, सगळे "तिच्या माहेरचं आलं" म्हणायला लागले. हसरी पोर ती, चारचौघांत खाली मान घालून बसायला लागली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी — नाही, तरीही ते वाईटच होतं. पण पुढचं ऐका. स्वातीच्या धाकट्या बहिणीचं, मेघाचं, देवळाली कॅम्पच्या एका घरात जमत आलं होतं. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, साखरपुड्याची साडीसुद्धा घेऊन झाली होती. लग्न जमवताना थोरल्या मुलीच्या सासरी चौकशीचा फोन येतोच. तसा मुलाच्या आईचा मला आला. "मॅडम, तुम्ही या विषयातल्या. तुमच्या नातीचं कानावर आलं. ते त्यांच्याच घराण्यातलं हाय का ओ?"

दोन वाक्यं पुरली असती. एक, अर्धं आमच्या घरातून आलंय. दुसरं, मेघात ते असलं तरी तुमच्या मुलात नसेल तर पोरांना काही होणार नाही, हवं तर दोघांची तपासणी करा. वर्गात मी हे झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण मग तिनं विचारलं असतं — तुमच्याकडे कुणाला होतं? यजमान समोर पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "मी कसं सांगू बाई? तुमचं तुम्ही बघा."

तिला काय कळायचं ते कळलं. चार दिवसांत स्थळ मोडलं. मेघा अजून माहेरीच आहे. कुणी बघायला येणार म्हटलं की नको म्हणते.

स्थळ मोडल्याचा निरोप आला त्या दुपारी मी ओट्याशी कणीक मळत होते. स्वाती आली, माझ्या शेजारी उभी राहिली, डोळे सुजलेले. म्हणाली, "आई, आमच्या घराण्यामुळे तुमच्या घराला हे दुखणं लागलं. वर तुम्हाला लोकांचे असले फोन घ्यावे लागतात. मला माफ करा."

मी हात धुतले. तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं, मी नाही मनात ठेवत."