आडवी झालेली म्हैस

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात आम्ही म्हशी मिरवतो. शिंगं रंगवायची, कपाळाला मोरपिसं बांधायची, मालकानं मोटारसायकल गुरगुरवत पुढं जायचं आणि म्हशीनं त्या आवाजामागं धावायचं. बाहेरची माणसं हसतात. हसू देत.

गेल्या पाडव्याला माझे थोरले चुलते, आमचे आबा, पाय मोडून गगनबावड्याला लेकीकडं पडून होते. आयुष्यात एकही पाडवा न चुकवलेला माणूस. फोनवर एकच धोशा, "माझ्या म्हशीचं फोटू धाड." चुलतभावानं मोबाईल उभा धरून, शिंगापासून खुरापर्यंत म्हैस मावेल असे ढीगभर फोटो काढले. पण एकेक फोटो हा एवढा जड, आणि तिकडं रेंज म्हणजे देवाची कृपा. आबांच्या फोनवर नुसतं चाक गरगरत राहायचं. मग भाऊ एकेक फोटो लहान करायला बसला.

"एकेक लहान करत बसतोस कशाला?" मी भावाला म्हटलं. घरातली कॉम्प्युटरवाली मीच. कॉम्प्युटरला थेट हुकूम सोडायच्या काळ्या खिडकीत, टर्मिनलमध्ये, एका ओळीची कमांड लिहिली: फोल्डरमधला प्रत्येक फोटो लहान कर, आतली जास्तीची माहिती काढून टाक. चहाला उकळी यायच्या आत सगळे हलके झाले. मी तोऱ्यात, न बघताच पाठवून दिले.

लगेच आबांचा फोन. "अगं पोरी, म्हस पडली व्हय गं? सगळ्या फोटूत आडवीच हाय की! माझ्यापास्नं लपवू नगंस!"

फोटो उघडले. म्हैस, भाऊ, मोटारसायकल, सगळी वरात कुशीवर. फोटोची वरची बाजू कुठली, हे त्या जास्तीच्या माहितीतच असतं, आणि मी नेमकं तेच पुसलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात; माझी म्हैस आडवी. भाऊ हसून हसून गोठ्याच्या पायरीवर बसला.

मूळ फोटो जागेवर होतेच. आधी सरळ कर, मग माहिती काढ, असं ओळीत वाढवलं आणि पुन्हा पाठवले. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "झकास दिसतीया. खरं ह्यात आवाज न्हाय की."

त्याला माझ्याकडं कमांड नव्हती. भावानं फोन स्पीकरवर टाकून म्हशीच्या कानाशी धरला. आबांनी तिकडून नेहमीची हाळी दिली. तोंडातली वैरण तशीच ठेवून तिनं मान वर केली, कान टवकारले आणि लांबलचक रेकली.

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज. माझेही डोळे भरून आले.

"ठेवतो," आबा म्हणाले. "हितं रेंज न्हाय."

गगनबावड्याहून इतका स्वच्छ आवाज मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता.