टाकीतल्या उंदरांना बाबांची हाक

"उंदीर बदलला कोणी? मी विचारतेय, उंदीर बदलला कोणी?"

मॅडम अशा ओरडल्या की माहुली गडावरची माकडं खाली उतरली असतील. मग त्यांनी उंदराच्या कानातला बिल्ला तपासला... उंदीर तोच होता.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. टोकावड्याच्या स्मशानात मी पैजेवर झोपलोय. माझ्या घोरण्याला कंटाळून भुतंच मुरबाडला राहायला गेली म्हणतात. पण हे प्रकरण...

मी राहतो आसनगावला आणि मॅडमच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, जुनं बाहेर काढतो. आमच्या उंदरांचा एक जीन असा बदललाय की जुनं नीट निघत नाही, मग नवंही मंदावतं — आणि शिकवलेलं टिकत नाही. दुधाळ पाण्याच्या टाकीत एक बुडवलेला पाट असतो. साधा उंदीर त्याची जागा लक्षात ठेवतो. आमचे मात्र म्हशाच्या जत्रेत हरवल्यासारखे गरगरतात.

त्या सकाळी मला बाबा आठवत होते. भात कापून झालं की ते बांधावरची बिळं खणायचे, उंदरांनी साठवलेल्या लोंब्या काढायला. पण आधी कुदळीचा दांडा आपटून हाक द्यायचे, "नीघ गो बाय, नीघ..." उंदरीण पिल्लं घेऊन निघाली की मगच पहिला घाव. आता वर्ष झालं, बाबा मला 'पाव्हणं' म्हणतात. माझं नावच त्यांच्यातून गेलंय.

सहज मी टाकीवर ब्रशचा दांडा आपटला, तीच हाक दिली. उंदीर थेट पाटावर. मॅडम ओरडल्या त्या तेव्हा. हाकेविना सोडला — गरगर. हाक दिली — पाटावर. एकूण एक उंदीर. मॅडमनी हाक रेकॉर्ड करून लावली, तरी तेच. यांच्या सात पिढ्यांनी माती पाहिलेली नाही, मराठी तर लांबच राहिली.

शनिवारी एसटी धरून गावी गेलो. बाबांना बांधावर नेलं, दांडा आपटला, हाक दिली. त्यांनी माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

"हलू रे पक्या. पिल्लां आसतील."

पक्या म्हणजे मी. संध्याकाळभर पक्या हे आण, पक्या ते ठेव... मी असा धावत होतो की शेजारच्या म्हशी रवंथ थांबवून बघत राहिल्या.

रविवारी सकाळी चहा दिला तर म्हणाले, "पाव्हणं, गाव कुठला तुमचा?" घसा बसेपर्यंत हाका मारल्या. नाय.

सोमवारी मॅडमना म्हटलं, "आठवलं कसं आणि गेलं कसं, एवढंच सांगा."

मॅडम टाकी पुसत होत्या.

"सकाळी तुमच्या हाकेचं तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळे गरगरले."