आईच्या डोळ्यातला डाग

डॉक्टरांनी आईची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि तिच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा समोरच्या स्क्रीनवर उमटला, एकेक पेशी दिसेल इतका मोठा.

"मधुमेहानं इथल्या नसा मेल्यात, म्हणून जखम होऊनही यांना दुखलं नाही," ते म्हणाले. "पण हा पांढरा डाग निदान दोन महिन्यांचा आहे. घरात कुणालाच दिसला नाही?"

रोज सकाळी मी तिच्याच हातून डबा घेत होतो. धूसर दिसतंय म्हणाली, तेव्हा 'नंबर वाढला असेल' म्हणून मोकळा झालो होतो. आईच्या डोळ्यात पाहायलाही आम्हाला यंत्र लागलं.

"या डोळ्याची नजर आता परत येणार नाही."

आई चाचपडत उठली. "त्याला नका बोलू, डॉक्टर. त्याला फार कामं असतात."