जातो, येतो

वाळवंटातल्या एका बंद डब्यात आम्ही पाच देशांचे सहा जण चार महिने अंतराळयात्री असल्याचं नाटक करत राहिलो. खऱ्या मोहिमेत परकी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात का, हे तपासायचं होतं. मी सगळं निभावलं. वास मारणारं चीज गिळलं, न बोलता जेवणाऱ्यांसोबत न बोलता जेवले.

एकदा सूट चढवून बाहेर पडताना मी रेडिओवर म्हणाले, "ओके, कमिंग." बुवापाड्यातल्या आमच्या घरातून निघताना "येते" म्हणायचं, "जाते" म्हटलेलं आईला खपत नाही. मी त्याचंच इंग्रजी केलं. कॅप्टनला वाटलं, मी आत परततेय. दहा मिनिटं तो दार उघडायला उभा, आणि मी बाहेर दगड गोळा करतेय. नंतर मी त्याला सगळं समजावलं. तो हसला आणि अहवालात लिहून मोकळा झाला: ताणाखाली दिशांचा गोंधळ होतो. त्या एका ओळीने पुढच्या तुकडीतलं माझं नाव अडकलं. ती ओळ फक्त तोच मागे घेऊ शकत होता. माझ्या दोन मेलना त्याने उत्तरही दिलं नाही. राग गिळायचा माझा स्वभाव नाही.

यंदा तो भाषणाला मुंबईत आला आणि घरचं जेवण हवं म्हणाला. अंबरनाथ स्टेशनवरून रिक्षाने येताना त्याने विचारलं, निरोप घेताना तुमच्यात काय म्हणतात? मी गोड आवाजात शिकवलं, "जातो."

दुपारी जेवून त्याला विमान गाठायचं होतं. हात जोडून तो म्हणाला, "जातो." आईचा चेहरा उतरला.

"अहो, असं बोलू नये. बसा बरं परत."

तिने त्याला बसवून पाणी दिलं. तो प्यायला, उठला, "जातो." पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी. चौथ्या ग्लासाला त्याने घड्याळ पाहिलं, मग मला विचारलं, "माझं काय चुकतंय?" इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"दिशांचा गोंधळ होतोय तुझा," मी म्हणाले. "ताण असेल."

त्याचे कान लाल झाले. या वेळी तो न सांगता बसला, फोन काढला आणि निवड समितीला मेल लिहिला. मी मागे उभी राहून शब्द न् शब्द वाचला. मेल गेल्यावरच त्याला "येतो" शिकवलं.

"येतो," तो दारात म्हणाला.

"या हं," आई खुशीत म्हणाली.

मी "या" म्हटलं नाही.